तरी आलीच नाही

मागच्या जानेवारीत भोरच्या बाजूला एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो, म्हणजे बैलगाडी, हुरडा, विहिरीपाशी फोटो आणि दुपारी चुलीवरचं जेवण असा सगळा ठरलेला कार्यक्रम. तिथं एका कोपऱ्यात, ससे आणि बदकांच्या पिंजऱ्यांना लागून, उंच तारेच्या जाळीमागे एक इमू उभा होता. एकटाच. पाठीवरची पिसं धुळीने मातकट झालेली, मानेवर निळसर कातडी, आणि डोळे असे की हा आपल्याला बघतोय की आपल्या पलीकडचं काहीतरी बघतोय ते कळू नये. माझी लेक सात वर्षांची आहे, तिने त्याला जाळीतून भाकरीचा तुकडा दिला, त्याने तो टपकन उचलला, आणि ती ओरडून मागे पळाली. मग जरा वेळाने परत जवळ येऊन म्हणाली, "आई, हा पण पक्षीच आहे नं? मग आपण कोंबडी खातो, ह्याला का नाही खात?" तिकडे चुलीवर गावठी कोंबडीचा रस्सा उकळत होता, त्याचा वास सगळ्या आवारात सुटलेला, आणि अजून रस्सा न झालेल्या दोन कोंबड्या आमच्या पायात खुडबुडत होत्या. मी काही बोलायच्या आधी ताटं घेऊन चाललेला पोरगा हसत म्हणाला, "ह्याला कोण खातंय ताई, हा बघायचा पक्षी हाय."

बघायचा पक्षी.

लेकीला ते पटलं, ती सशांकडे पळाली. मला पटलं नाही, कारण आमच्या घरात हा पक्षी खायचा म्हणूनच आणला होता.

आमचं गाव खटाव तालुक्यात, पाऊस आला तर आला नाहीतर नाही अशा पट्ट्यात. माझे चुलते, तात्या, यांना आयुष्यभर काहीतरी नवीन करायची खोड. डाळिंब लावून झालं, तेल्या रोगाने बाग गेली, शेडनेट करून झालं, वाऱ्याने गेलं. 2009 च्या आसपास कधीतरी ते कुठल्याशा मेळाव्याला गेले आणि तिथून इमूची माहितीपत्रकं घेऊन आले. चकचकीत कागद, त्यावर सहा फुटी पक्षी आणि शेजारी हसणारा शेतकरी. मांस, तेल, कातडं, पिसं, अंड्याचं कवच, काहीच वाया जात नाही, लाल मांस आहे पण चरबी नाही, हार्टवाल्यांना चालतं, आणि अंडी-पिल्लं आम्हीच परत विकत घेणार. तात्यांनी एक म्हैस विकली, कर्ज काढलं, शेताच्या वरच्या अंगाला उंच जाळी मारली आणि पाच जोड्या आणल्या. सगळं गाव बघायला आलं. शाळेतली पोरं रांगेने आणली होती मास्तरांनी. अंडं तर असं की हातात धरलं की आधी ते दगड वाटायचं, गडद हिरवं, जवळजवळ काळपट, अर्ध्या किलोच्या वर वजन, आणि पिल्लं निघाली की त्यांच्या अंगावर उभे पट्टे, खारीसारखे. आजी त्यांना 'तात्याची पाखरं' म्हणायची. मादी रात्री घुमायची. नरड्यातून नाही, छातीतूनच यावा तसा आवाज, लांब कुठेतरी कुणी ढोलावर हळूहळू टिपरी मारतंय असा, धुम... धुम... पहिल्या रात्री तर आजीला वाटलं वरच्या वाडीत कुणाचा तरी गोंधळ आहे.

धंदा कसा चालायचा हे आता मागे वळून बघितलं की हसू येतं, तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. तात्यांची पिल्लं कंपनी घ्यायची आणि पुढच्या नव्या शेतकऱ्याला विकायची, त्याची पिल्लं त्याच्या पुढच्याला. सगळे एकमेकांना इमूच विकत होते, आणि या सगळ्या साखळीच्या शेवटी ताट घेऊन बसलेला एक माणूस असायला हवा होता, तो नव्हताच. कधीच नव्हता. तामिळनाडूत पेरुंदुराईला 2012 मध्ये हा फुगा मोठ्याने फुटला, पेपरात आलं. आमच्याकडे त्याच्या आधीच फोन लागायचा बंद झाला होता. दहाची झालेली पंचवीस पाखरं, रोजचा खाद्याचा खर्च, आणि वर ते काहीही गिळायचं, खिळा, खडे, एकदा तर तात्यांच्या मोटारसायकलची चावी.

2011 च्या दिवाळीनंतर, मी पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी, तात्या म्हणाले एक कापूया. विकत घेत नाहीत तर निदान आपण तरी खाऊ, भावकीला घालू, लोकांना चव कळली तर मागणी येईल. मुलाणीमामांना बोलावलं, त्यांच्या वडिलांपासून आमच्या वाड्यातली बोकडं-कोंबडी त्यांच्याच हातची. ते जाळीपाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तात्या, माझं काय न्हाई, पण ह्येला धरायचं कुठनं?" बोकडाला कुठे धरायचं, कसं आडवं घालायचं, कोंबडीचे पंख पायाखाली कसे घ्यायचे, हे हातांना माहीत असतं, सांगावं लागत नाही. इथे चार माणसं लागली, एकाच्या मांडीवर लाथ बसली, तो आठवडाभर लंगडत होता. आणि कापून झाल्यावर दुसरी अडचण. मुलाणीमामा विचारतात, आता ह्याचे भाग कसे पाडू?

मला तो प्रश्न तेव्हा गंमतीचा वाटला होता. आता वाटतं सगळी गोष्ट तिथेच होती. बोकड म्हटलं की आपल्याकडे शब्दच किती येतात बघा. मुंडी, पाय, चाप, नळी, मांडी, गर्दन, कलेजी, फोपसा, वजडी, खिमा. मुंडी कुणाला जाणार, कलेजी आधी तव्यावर टाकून कुठल्या पोराला देणार, नळी कोण ओढणार, जावयाच्या ताटात काय पडलं पाहिजे, हे ठरलेलं. रविवारी दुकानासमोर रांगेत उभी राहणारी बाई "मांडीचं द्या, चरबी नको, दोन नळ्या टाका" म्हणते आणि टांगलेल्या धडाला शेपूट आहे का ते बघून घेते, बोकडाच्या नावाखाली भलतंच काही नको म्हणून. कोंबडीचं तसंच, तंगडी कुणाची यावरून आम्ही भावंडं रडलोय. इमूच्या मांसाला आमच्या घरात एकही शब्द नव्हता. काकींनी शेवटी विचारलं, "मटणासारखं करू का चिकनसारखं?" आणि कुणालाच सांगता येईना.

काकींचा हात म्हणजे काय सांगू. परसातली चूल, कारण घरात आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरीची वारी, त्यामुळे वशाट घराच्या उंबऱ्याच्या आत शिजायचं नाही, त्याची भांडी वेगळी, परसातच घासायची, पालथी घालायची. आबा त्या दिवशी ओसरीवर वेगळं ताट घेऊन बसायचे, दूध-भाकरी, आणि आम्हाला कधी एका शब्दाने बोलायचे नाहीत, उलट "झालं का रं पोरांचं? अळणी दिली का त्यास्नी?" असं तेच विचारायचे. मटणाचा दिवस म्हणजे आधी कांदा-खोबरं भाजल्याचा धूर, मग पहिली अळणी वाटीत, मटण शिजवलेलं मीठ-हळदीचं ते कढत पाणी पिताना जीभ भाजायची, मग रस्सा, आणि रस्सा झाला की नाही हे चव घेऊन नाही, वर तरी आली की नाही त्यावरून ठरायचं. लालभडक तवंग. तरी आली की काकी पातेल्यावर झाकण ठेवून पदराने कपाळ पुसायच्या.

त्या दिवशी तरी आलीच नाही. दोन तास झाले, अडीच झाले, जळण घालून घालून काकींचा धाकटा दीर वैतागला, पण त्या मांसाला चरबीच नाही, ती सगळी पाठीवर वेगळी थराने असते, ती तर तात्यांनी तेलासाठी काढून ठेवलेली. जेवढं जास्त शिजवलं तेवढं ते वातड होत गेलं. आणि रंग. कोंबडीसारखं पांढरट नाही, गर्द लाल, काळपटच. काकींनी फोड पळीवर घेऊन बघितली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये मोठ्याचं दिसतंय." मोठ्याचं, म्हणजे गाय-बैल-म्हशीचं. तेवढं एक वाक्य पुरलं. पंगतीला बसलेल्या पुरुषांनी दोन-दोन फोडी खाल्ल्या, "कलेजीगत लागतंय" असं कुणीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोललं, बायकांनी रस्सा नुसता भाकरीला लावला, आजीने तर ताट पुढेच सरकवलं. मी एक फोड खाल्ली. चव वाईट नव्हती. खरं सांगायचं तर चव कशी होती हे मला कळलंच नाही, कारण मी सगळा वेळ तिची कशाशी तरी तुलना करत होते. उरलेलं कुत्र्यांनी खाल्लं आणि तात्या त्या रात्री जाळीपाशी बिडी ओढत बराच वेळ बसले होते.

कुणीही मनाई केली नव्हती इमूला. देवाची नाही, धर्माची नाही, सरकारची तर नाहीच. तरी कुणी खाल्लं नाही. आपण नेहमी उलट बाजूने विचार करतो, अमुक का खात नाहीत, कुणी बंदी घातली, कुठल्या ग्रंथात लिहिलंय, कुणाची श्रद्धा आहे. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून उलटंच बसलंय, की न खाणं हेच साधं असतं, खाण्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागतात. धरायची पद्धत, भागांची नावं, मसाला, चूल, आणि देव सुद्धा. आमच्या जत्रेला पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. म्हसोबाला बोकड चालतो, कोंबडं चालतं. "म्हसोबाला इमू चाललं का?" असं कुणीतरी तात्यांना चिडवलं होतं, आणि तात्यांनी एवढ्या शिव्या घातल्या त्याला की विचारू नका.

आणि जात. हे लिहिताना जरा अडखळतेय, पण टाळून पुढे गेले तर हा सगळा लेख खोटा होईल. आबांचे वडील रानडुकराच्या शिकारीच्या गोष्टी सांगायचे म्हणे, आमच्या आळीत अजून त्या अभिमानाने सांगतात, भाल्याने मारलं, मोठ्या कढईत शिजवलं. तेच आमच्या आळीत कुणी गावातल्या डुकराचं नाव जरी काढलं तरी थुंकतात. जनावर जवळजवळ तेच, पण एक रानातनं आलं, आणि दुसरं गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसांचं. मेलेलं ढोर ओढायचं काम ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या लादलं, त्यांच्याच ताटात ते आलं, त्याच्या चान्या करून उन्हात वाळवून त्यांनी उपासमारीचे दिवस काढले, आणि वर तेच खाता म्हणून त्यांनाच विटाळ मानलं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते त्या मांसात काही दोष होता एवढ्यासाठी नव्हतं, त्याला बांधलेली लाचारी सोडा म्हणून होतं. आमच्या घरातली 'आपण हे खातो, ते खात नाही' ही जी यादी मी लहानपणी जीभेची आवड समजून शिकले, ती यादी म्हणजे गावात आपलं घर कुठल्या आळीत आहे त्याचा नकाशा होता. काकी "मोठ्याचं दिसतंय" म्हणाल्या ते उगाच हळू आवाजात नाही म्हणाल्या. बिचाऱ्या इमूला जातच नव्हती. तो खाऊन कुणी मोठा होणार नव्हता, बाटणारही नव्हता. म्हणजे आमच्या हिशेबात तो कुठे बसणारच नव्हता, आणि तेवढ्यात लाल रंगाने त्याला चुकीच्या खान्यात नेऊन बसवलं.

बैलांचं तर अजूनच अवघड. बेंदराला शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी आधी बैलाला मग घरच्यांना. सर्जा म्हातारा झाला तेव्हा तात्यांनी बाजारात विकला, व्यापाऱ्याने दावं हातात घेतलं, तात्यांनी आपलं दावं सोडवून परत मागून घेतलं (दावं द्यायचं नसतं), आणि पुढे तो कुठे जाणार हे विचारलं नाही. न विचारणं हीसुद्धा एक रीत होती. गायीची बंदी राज्यात 1976 च्या कायद्यापासूनच होती, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, तेव्हापासून ती रीत मोडली. आता म्हातारा बैल दावणीला असतो आणि चारा कोण घालणार हा प्रश्न उघड्यावर बसलेला असतो. म्हैस-रेडे मात्र त्या बंदीतून बाहेरच राहिले. आजी पेपरातली बातमी ऐकून म्हणाली होती, "दूध तर म्हशीचंच प्यालो की जन्मभर. तिनं काय पाप केलं?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून कुणाकडून नीट ऐकलेलं नाही.

मी स्वतः काही फार शहाणी होते अशातला भाग नाही. हॉस्टेलला माझी रूममेट नागालँडची. एकदा बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडे काही लोक कुत्रा खातात, आणि मी पलंगावर पाय वर घेऊन बसले, जणू तो खाली येऊन उभाच आहे. माझ्या पलंगाखाली तेव्हा आईने दिलेला सुकटीचा डबा होता, ज्याच्या वासाने ती बिचारी महिनाभर खिडकी उघडी टाकून झोपत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. मी विचारलं, "घरचा कुत्रा?" ती म्हणाली, "घरचा बोकड तुम्ही खाता नं?" मग दोघी गप्प. 2020 मध्ये तिथल्या सरकारने कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली आणि 2023 मध्ये गुवाहाटी हायकोर्टाच्या कोहिमा बेंचने ती रद्द केली, तेव्हा मी तिला मेसेज केला होता. तिने फक्त हसणारा इमोजी पाठवला आणि खाली लिहिलं, आता घरी दोन कुत्री पाळलीत, पलंगावरच झोपतात. दक्षिण कोरियाने 2024 मध्ये उलट बंदीचा कायदा केला, तिथली तरुण पोरं आता कुत्री पाळतात, खात नाहीत. म्हणजे कुत्रा तोच राहतो, फक्त उंबऱ्याच्या अलीकडे येतो.

ऑस्ट्रेलियात तर इमू राजचिन्हावर आहे, एका बाजूला कांगारू, एका बाजूला हा, आणि तिथे दोन्ही खातात. तिथल्या मूळच्या लोकांना तर मांस, चरबी, सगळ्याचं शास्त्र हजारो वर्षांपासून माहीत, कसं धरायचं तेही. 1932 मध्ये गव्हाची नासाडी करतात म्हणून सैन्याने मशीनगन घेऊन इमूंच्या मागे लागून पाहिलं, आणि पाखरं पांगली, सैन्य हरलं. हे मी तात्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा इमूवरून खळखळून हसले. "मशीनगन? आमच्या मुलाणीमामाला न्यायचं की!"

नवं जनावर ताटात येतच नाही असंही नाही. ब्रॉयलर आला तेव्हा आजी त्याला 'पांढरी कोंबडी' म्हणून नाक मुरडायची, त्याला चव नाही, हाडात दम नाही, मऊ कापसासारखं. पण आला, कारण तंगडीची तंगडीच होती, काकींचा मसाला त्याला लागू पडत होता. देवाला मात्र आजही गावठीच लागतो, देव अजून ब्रॉयलरवर आलेला नाही. पुढे 2019 मध्ये इस्लामपूरकडे कडकनाथ कोंबडीच्या पिल्लांचा असाच आम्ही-परत-घेतो वाला धंदा बुडाला, तेव्हा तात्या म्हणाले, "त्यांचं बरं हाय, निदान खाऊन तरी संपवता येतंय."

तात्यांची पाखरं संपली नाहीत. काही गुजरातकडच्या कुणीतरी नेली, काही आजाराने गेली, दोन रात्रीत जाळी मोडून पळाली आणि पुढे दोन महिने चार गावांमधून त्यांच्या बातम्या येत होत्या, आज अमक्याच्या ज्वारीत दिसलं, आज एसटीच्या पुढे धावत होतं. शेवटची एक मादी तात्यांनी कितीतरी वर्षं ठेवली. खाद्य परवडत नाही म्हणून घरचीच मका, भाजीची देठं, शिळी भाकरी. कापायचं नाव परत कुणी काढलं नाही. चरबीच्या तेलाची बाटली काकींकडे आहे अजून, गुडघ्यांना चोळतात, उतार पडतो म्हणतात. ती मादीसुद्धा शेवटी एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. कुठे, ते तात्यांनी विचारलं नाही. दावं तर नव्हतंच परत मागून घ्यायला.

तर त्या दिवशी भोरला जेवण झालं. रस्सा चांगला होता, तरी भरपूर, लेकीने तंगडी मागून घेतली. मी हात धुवून परत त्या जाळीपाशी गेले आणि उगाचच तात्यांना फोन लावला. म्हटलं, तात्या, इथे एक इमू आहे. पलीकडे जरा वेळ काही नाही, मागे टीव्हीचा आवाज तेवढा.

"मादी हाय का नर?"

"कसं ओळखायचं?"

"घुमती का बघ. मादी घुमती. नर नुसता गुरगुरतो."

मी फोन जाळीला लावून धरला. लेक सशांकडून पळत आली, मी तिला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. तो, किंवा ती, मान वाकडी करून फोनकडे बघत होती. पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न, स्पीकरवर गाणं, आणि मग मध्येच, नरड्याची पिसं जरा फुगली आणि आतून कुठूनतरी, धुम... धुम... दोनदाच.

"हां," तात्या म्हणाले. "दाणा घालतात का पण नीट? आन् पोरीला म्हणावं, क्लिपा-बिपा जपून, गिळतंय ते."